तिच्या वतीनं

तांब्याच्या पंचपात्रातल्या पाण्यावर तांबूस पापुद्रा धरला होता. नीट पाहिलं तर तो सलग नव्हता, मधोमध फाटला होता. पळी आत गेली की त्याचे दोन तुकडे कडांकडे सरकत आणि पळी बाहेर आली की पुन्हा एकमेकांजवळ येत, पण जुळत नसत. पाणी बोअरचं होतं, काल संध्याकाळीच भरून ठेवलेलं. जमिनीखाली हवा पोचत नाही तोवर लोह पाण्यात विरघळून राहतं आणि पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. वर काढून ठेवलं की हवा त्याला गाठते आणि सकाळपर्यंत ते गंजाच्या रंगानं वर येतं. जयवंतीला हे माहीत होतं, कारण या बोअरचं पाणी तिनंच गिंडीला, आपल्या संस्थेच्या प्रयोगशाळेत नेऊन तपासलं होतं. 'उघड्यावर ठेवून, गाळून वापरावं. पिण्यास हरकत नाही,' असं तिनं नवऱ्याला, अमरसिंहाला सांगितलं होतं, आणि त्या एका वाक्यावर मद्रासच्या वेलचेरीतला हा फ्लॅट घ्यायचं नक्की झालं होतं. हरकत नाही. हे शब्द ती कामावर रोज वापरायची.

आज रविवार, वास्तुशांत. अमरसिंह पाटावर बसला होता, त्याच्या उजव्या हाताला ती. धोतराच्या काठाला हळदीचा डाग लागल्याचं त्याच्या अजून लक्षात आलं नव्हतं. शास्त्रीगळ, म्हणजे इथले भटजी, संकल्प सांगायला लागले आणि मध्येच थांबले. कुठल्या नदीचं नाव घ्यायचं, असं त्यांनी तमिळमधून विचारलं.

"कावेरी म्हणा, सामी, कावेरी," तिच्या सासूबाई, सकवारबाई, भिंतीशी बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या. "आम्ही तंजावूरचे."

"अम्मा, हे वेलचेरी. कावेरी इथून दिवसभराच्या वाटेवर."

"मग कूवम म्हणा की ओ!" अप्पाजी, अमरसिंहाचे काका, दारातून ओरडले. "कूवमच्या दक्षिण तीरी. देव नाक धरून येतील, पण येतील!"

"तुम्ही तोंड मिटा, अप्पाजी. शुभ वेळ अहे." सकवारबाई हसू दाबत होत्या. "आणि अगो जयवंती, हात लाव की. स्वप्नात अहेस काय?"

जयवंतीनं दर्भाची काडी बोटांत धरून अमरसिंहाच्या मनगटाला हात लावला. शास्त्रीगळांनी कावेरीचं नाव घेतलं. चार वर्षांपूर्वीपर्यंत जिथे तळं होतं, जिथे अजून पायऱ्यांच्या खाली बगळे येऊन उभे राहत, ते घर कावेरीच्या तीरावर आहे असं सगळ्यांच्या साक्षीनं ठरलं आणि कुणाला त्यात खोटं वाटलं नाही. सासरची ही माणसं मद्रासमध्ये दोन पिढ्या राहत होती, पण संकल्प सोडताना अजून तंजावरातच असत. तिच्या अमरावतीच्या घरी वडील गोदावरीचं नाव घेत. अमरावतीहून गोदावरी कुठे आहे हे तिनं शाळेत नकाशावर पाहिलं होतं, आणि त्या दिवशी घरी येऊन आईला विचारलंही होतं. आई म्हणाली होती, पोथीत तसं आहे. आई तेव्हा वडिलांच्या मनगटाला असाच हात लावून बसायची, मान थोडी खाली, ओठ न हलवता. बाईनं संकल्प म्हणायचा नसतो. नवरा म्हणतो, त्याच्या हाताला तिनं हात लावायचा, की तोच तिचाही होतो. लहान असताना जयवंतीला हे विजेसारखं वाटायचं, तारेला तार लावली की पलीकडे दिवा लागतो तसं.

अमरसिंह एकेक शब्द शास्त्रीगळांच्या मागून म्हणत होता. त्याचा आवाज बँकेत असतो तसा होता, स्पष्ट, कुणालाही घाई न करणारा. सहकुटुंबस्य. क्षेम, स्थैर्य. तिचा हात लांब करून धरल्यामुळे आधी जड झाला, मग त्याला मुंग्या आल्या, मग काहीच आलं नाही. होमाचा धूर डोळ्यांत गेला म्हणून तिनं मान वळवली. परत पाहिलं तेव्हा तिचा हात पाटाच्या कडेवर पडलेला होता. केव्हा घसरला ते तिला कळलं नव्हतं. बोटांत दर्भ तसाच होता. अमरसिंहाच्या तळहातातलं पाणी त्याच वेळी ताम्हनात पडलं आणि शास्त्रीगळ पुढच्या मंत्राला लागले. कुणी पाहिलं नाही. शास्त्रीगळांनी नाही, सासूनं नाही, अमरसिंहाच्या मनगटानंही नाही.

तिला प्रथम वाटलं की सांगावं, पुन्हा करू या. मग वाटलं, थांबावं. प्रयोगात एखादी गोष्ट लागते की नाही हे पाहायचं असेल तर ती काढून घेतात आणि बाकी सगळं तसंच ठेवतात. इथे तिचा हात निघाला होता, आपोआप, आणि बाकी सगळं तसंच होतं. धूर तसाच, आवाज तसाच, घर तसंच. पुढच्या वेळी शास्त्रीगळांनी खूण केली तेव्हा तिनं हात उचलला, पण मनगटापासून एवढ्या अंतरावर ठेवला की मधून कागद गेला असता. अमरसिंह न पाहता म्हणत राहिला. तिला वाईट वाटायला हवं होतं, किंवा भीती, किंवा थोडी मजा. तिनं आत शोधून पाहिलं. दात काढल्यावर जीभ हिरडीवरून फिरवावी आणि हिरडी आपली नसावी, तसं काहीतरी हाताला लागलं.

उद्या सोमवार. उद्या रामस्वामी दिल्लीला नाव कळवणार होते. रामस्वामी तिच्या संस्थेचे संचालक. संस्थेचं नागपट्टणला, इथले लोक ज्याला नागै म्हणत तिथे, एक लहान केंद्र होतं, समुद्राचं खारं पाणी किनाऱ्यावरच्या विहिरींत कसं शिरतं ते पाहणारं, आणि त्याची प्रमुख म्हणून जायला तिला तिसऱ्यांदा विचारलं गेलं होतं. चौथ्यांदा विचारणार नाहीत, हे रामस्वामींनी तमिळ माणसाला जमेल तितक्या सौम्यपणे सांगितलं होतं. तिथे राहावं लागणार होतं, जाऊन येऊन करण्यासारखं ते काम नव्हतं. तिनं जायचं ठरवलं होतं. पोंगलच्या सुमारास ठरवलं होतं, आणि आता आंब्यांचे दिवस आले होते, आणि अजून तिनं ते एकाही माणसाला सांगितलं नव्हतं. अमरसिंहाला तर नाहीच. आणि ती इथे, नव्या घराच्या शांतीला, नव्या साडीत बसली होती. साडी टी. नगरमधून घेतलेली. दुकानात गादीवर बसल्यावर विकणाऱ्यानं तिला विचारलं होतं, कुठला रंग, अम्मा? आणि अमरसिंह म्हणाला होता, त्यांना मोरपंखी आवडतो. तिला मोरपंखी आवडत होता का? ती विचार करत असतानाच साडी बांधून झाली होती. वाईट नव्हती साडी.

हे पहिल्यांदा ठरवलं तेव्हाचं तिला चांगलं आठवत होतं. तिची मुलगी तुळजा नुकती शाळेत जायला लागली होती. मैलापूरच्या भाड्याच्या घरातून जयवंती एकटीच संध्याकाळी समुद्राकडे गेली होती, आणि सान्तोमच्या चर्चमागे, जिथे कोळ्यांची जाळी वाळत असतात, तिथे उभी राहून तिनं ठरवलं की आपण जायचं. ठरवल्याबरोबर खांद्यांवरून काहीतरी उतरलं. वारा अंगात शिरला. माशांचा वासही बरा वाटला. घरी येऊन ती नेहमीपेक्षा जास्त जेवली, सकवारबाईंशी हसून बोलली आणि गाढ झोपली. सकाळी उठली तेव्हा ते ओझं नव्हतंच. आणि ओझं नव्हतं म्हणून जायचंही कारण उरलं नव्हतं. हे तिला तेव्हा दिसलं नाही, पुष्कळ उशिरा दिसलं. आपण ठरवतो ते करण्यासाठी नव्हे, ठरवल्यावर जे हलकं वाटतं त्यासाठी. डोकं दुखलं की गोळी घ्यावी तसं ती ठरवत आली होती. गोळीचा गुण काही दिवस टिकायचा, मग पुन्हा ठणका, मग पुन्हा ठरवणं. गोळ्या घेणारं माणूस दवाखान्यात जात नाही.

लहान निश्चयांचंही तसंच. एकदा तिनं कॉफीतली साखर सोडायची ठरवली होती. लोक म्हणतात मोहानं निश्चय मोडतात. तिला गोडाचा मोह नव्हताच. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कामाक्षीनं साखर घातलेली कॉफी आणून पुढे केली, ऊन ऊन, फेस वर आलेली, आणि नको म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, मग कामाक्षीनं का म्हणून विचारलं असतं, मग सांगावं लागलं असतं, आणि सांगितल्यावर ते खरं झालं असतं. ती कॉफी प्याली. तोंड उघडण्याच्या त्या एवढ्याशा जागेत तिचे निश्चय संपत. मोडत नसत, नुसते विरत, आवाज न करता.

आणि तो फोन. पहिल्या वेळचा. तेव्हा त्यांच्याकडे फोन नव्हता, खालच्या मजल्यावर घरमालकांकडे होता. तेव्हाच्या संचालकांचा फोन आला आणि अमरसिंह खाली गेला, मागोमाग हात पुसत ती. "नाही सार," तो म्हणत होता, "तिला नाही जमणार. मुलगी लहान आहे. हो, मी सांगतो तिला. थँक यू सार." तो वळला तेव्हा ती दारात होती. तो जरा ओशाळला. म्हणाला, "मी बरोबर बोललो ना?" हे ती कितीदा मनात परत आणून पाहत आली होती, रागानं पाहता येईल म्हणून. राग येत नसे. कारण त्या क्षणी, ओले हात पदरात धरून उभी असताना, तिला जे वाटलं होतं ते कृतज्ञतेसारखं होतं. त्यानं तिच्या वतीनं बोलून टाकलं होतं. तिला फक्त मान हलवायची होती. तिनं हलवली. घरमालकीणबाईंनी दोघांनाही लिंबाचं सरबत दिलं.

अमरसिंह वाईट माणूस नव्हता, हीच अडचण होती. वाईट असता तर ती केव्हाच गेली असती, किंवा निदान तसं म्हणता आलं असतं. तो तिच्या ताटातलं कारलं न बोलता आपल्या ताटात घेई. ती आजारी असली की दर तासाला येऊन कपाळाला हात लावून जाई, आणि 'आता बरं वाटतंय तिला' असं आईला सांगे, तिला न विचारता, आणि बहुधा ते बरोबर असे. बरोबर असे, म्हणून तिची बोलायची सवय गेली. न वापरलेल्या नळाचं पाणी जसं आधी गढूळ येतं आणि मग येतच नाही.

दुसऱ्या वेळी तुळजाची दहावी होती. त्या वेळी अमरसिंहाला बोलावं लागलं नाही. जयवंतीच रामस्वामींच्या खोलीत गेली आणि पुढच्या वर्षी बघू या, असं म्हणून आली. आता तुळजा त्रिचीला होस्टेलवर होती, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, परीक्षा म्हणून आजही आली नव्हती. आता कुठलंही कारण उरलं नव्हतं, आणि नेमका तेव्हाच अमरसिंहानं फ्लॅटचं काढलं आणि ती म्हणाली, पाणी तपासून बघते. हे तिला आज, होमाच्या धुरात, पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. त्या पाण्यात लोह भरपूर होतं. ती 'नको' म्हणू शकली असती आणि तो अहवालही खराच ठरला असता. तिनं 'हरकत नाही' म्हटलं. अमरसिंहानं तिच्यासाठी घर घेतलं नव्हतं. कारणं संपली म्हणून तिनं स्वतःच एक चार भिंतींचं कारण उभं केलं होतं.

नागपट्टणला ती एकदाच राहिली होती, नमुने घ्यायला गेली तेव्हा. विश्रामगृहात लोखंडी खाट, खिडकीला गज, भिंतीवर पाल. दिवसभर विहिरींवर फिरायचं. एका विहिरीवर एक म्हातारी पाणी काढत होती, तिनं ओंजळीत ओतलं आणि म्हणाली, बघ, उप्पु, मीठ. प्रयोगशाळेत पाणी जिभेला लावत नाहीत. जयवंतीनं लावलं. मग ती प्रत्येक विहिरीचं पाणी बाटलीत भरायच्या आधी जिभेला लावून बघायला लागली, आणि समुद्र कुठपर्यंत आलाय ते तिला उपकरणाआधी कळायला लागलं. भरतीसारखं, आधी अगदी पुसट, मग घशाशी. एका दुपारी खोलीवर येऊन तिनं दहीभात खाल्ला आणि ताट न उचलता आडवी झाली. कुणी हाक मारली नाही. जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन तिरपं आलं होतं, आणि आपण कोण आहोत हे आठवायला तिला थोडा वेळ लागला, आणि त्या थोड्या वेळात तिला फार बरं वाटलं. सुख असं त्याला म्हणता येणार नाही. तिथे तिला फक्त तहान लागली होती, स्वतःची, आणि ती उठून पाणी प्याली होती.

"अस्कि बेष झालं," सकवारबाई म्हणाल्या. सगळं छान झालं. पूर्णाहुती होऊन गेली होती. जयवंती उभी राहिली तेव्हा पायांनाही मुंग्या आल्या होत्या. सासूनं तिच्या हनुवटीला बोटं लावून ती आपल्या ओठांना लावली. "इतके दिवस भाड्याच्या घरात गेले गो माझे. आता हिथंच डोळे मिटले तर काय की, चिंता नाही."

"असं बोलू नका, अत्या," जयवंती म्हणाली. लग्न होऊन आली तेव्हा ती सासूला आई म्हणायची. इथल्या रीतीनं अत्या केव्हा झाली ते आठवत नव्हतं. तेही कुणी ठरवलं नव्हतं.

केळीच्या पानांची पहिली पंगत हॉलमध्ये बसली. अजून पंखा लावला नव्हता, खिडक्यांतून तळ्याच्या चिखलाचा वास येत होता. अप्पाजी सांबाराला आंबट वरण म्हणून मागत होते आणि वाढपी त्यांच्याकडे बघत राहत होता. "अरे दा, वरण! तुझ्या आज्याच्या आज्यानं आमच्याकडून शिकलेलं वरण!" लोक हसले. रामस्वामी अमरसिंहाच्या शेजारच्या पानावर बसले होते, पांढऱ्या वेष्टीत, म्हणजे इथल्या धोतरात, ऑफिसात असतात त्यापेक्षा लहान दिसत होते. जयवंती पायसमचं भांडं घेऊन पंगतीतून फिरत होती. त्यांच्यासमोर वाकली तेव्हा त्यांनी पानावर हात आडवा धरला, पुरे म्हणून, आणि मग हसून तमिळमध्ये म्हणाले, "घर छान आहे, अम्मा. मग उद्या मी काय कळवू? मद्रास, की नागै?"

त्यांनी ते सहज विचारलं असावं. किंवा नसेलही. चौकशी इथे अशीच करतात, पंगतीत, हसत, म्हणजे उत्तर देणाऱ्याला टाळता येतं. अमरसिंहानं भाताचा घास कालवता कालवता मान वर केली.

"त्या नाही जाणार, सार," तो म्हणाला, तिच्या वतीनं, नेहमीच्या त्याच समजूतदार आवाजात. "आता कसं जातील? स्वतःचं घर झालं. या वयात एकटीनं तिकडे कुठे? त्यांनीच तर इथलं पाणी पास केलं." आणि तो हसला, तिच्याकडे बघून, अभिमानानं.

"बरोबर," अप्पाजी पलीकडून म्हणाले. "आमची सून आता वेलचेरीची महाराणी."

रामस्वामींनी मान डोलावली. त्यांनी पानावरचा हात काढून घेतला होता. जयवंती वाकलेलीच होती, पळीतून पायसमचा एक थेंब लोंबत होता. ती वाट पाहत होती. आता ते हलकेपण येईल, पोटातून वर, कोमट, खांदे सैल करणारं. बोलून झालं, दुसऱ्यानं बोलून टाकलं, आता फक्त मान हलवायची. ते दर वेळी आलं होतं. फोनच्या वेळी आलं होतं, समुद्रावर आलं होतं. तिनं भांडं दोन्ही हातांनी धरलं आणि थांबली. पंगतीत कुणीतरी मीठ मागितलं. सकवारबाई स्वयंपाकघरातून तिला हाक मारत होत्या. अमरसिंह अजून तिच्याकडे बघत होता, त्याच्या ओठाच्या कोपऱ्याला भाताचं शीत लागलं होतं, आणि इतर वेळी तिनं खुणेनं सांगितलं असतं, त्यानं पुसलं असतं. ते आलं नाही. तिनं आणखी थोडी वाट पाहिली, प्रयोगात पाहतात तशी, घाई न करता. काहीच आलं नाही. सुटकाही नाही, दुःखही नाही. समोर पान होतं, घर होतं, आणि उद्या सकाळी पाण्यावर पुन्हा धरणारा पापुद्रा होता, आणि परवा, आणि मग रोज, आणि त्याच्या बदल्यात मिळण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

ती सरळ उभी राहिली. भांडं खाली जमिनीवर ठेवलं. पहिला शब्द नुसता हवेचाच निघाला, म्हणून तिनं पुन्हा सुरुवात केली. रामस्वामींकडे न बघता, तमिळमध्ये नाही, मराठीत, आणि हॉलमधल्या रिकाम्या भिंतींमुळे तिच्या अपेक्षेपेक्षा मोठ्यानं.

"अहो, मी नागपट्टणला जाणार आहे. या घरात मी राहायला येणार नाही."